कलापथक की फुटबॉलचे मैदान?
तरुण मुलांना समाजकार्याशी जोडण्याच्या दोन वाटा महाराष्ट्रात रुळल्या आहेत. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने लोकनाट्य आणि समूहगीतांतून प्रबोधन केले आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंतही त्यातूनच घडले. मात्र त्यासाठी संहिता, दीर्घ तालमी आणि जाणता मार्गदर्शक लागतो. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलला चेंडू आणि मोकळी जागा पुरते, त्यामुळे बुजरा मुलगाही लवकर मिसळतो. हा लाभ मोठाच आहे. परंतु घरातले व्यसन किंवा अर्धवट सुटलेली शाळा यांविषयी बोलायला मुलांना, विशेषतः मुलींना, नाटकच शब्द देते, म्हणून निवड करायचीच झाली तर माझा कौल कलापथकाला आहे.