बायबलच्या समासात लिहिलेलं खोटं नाव

माझ्या सासूबाईंकडे एक जुनं बायबल आहे. कातडी बांधणीचं, कडा झिजलेल्या. मधल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवलेले आहेत. सगळ्यात वरची नोंद १८८४ सालच्या एका लग्नाची. गेल्या ऑगस्टमध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाच्या दिवशी, सासूबाईंनी त्या नोंदीच्याही वर समासात निळ्या पेनाने एक नाव लिहिलं. ते नाव खोटं होतं. १,८५० डॉलर मोजून ते मीच त्यांना आणून दिलं होतं.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुटुंबांचं मूळ शोधून देतो असं सांगून पैसे उकळणारी माणसं आहेत. आपल्या कित्येक मराठी घरांतही आता अशा कुटुंबांशी सोयरिकी झाल्या आहेत. माझं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी सिन्नरची. लहानपणी वडिलांबरोबर नाशिकला क्षेत्रोपाध्यायांकडे गेले होते. त्यांनी आडनाव, गाव विचारलं, कपाटातून एक लांबट वही काढली आणि दोन-चार पानं उलटून माझ्या खापरपणजोबांच्या हातची ओळ आमच्यासमोर ठेवली. मोडीतली. वडिलांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं ते मला आजही आठवतं. वंश म्हणजे कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवलेला असतोच, फक्त योग्य माणसाकडे जायचं, ही समजूत माझ्या मनात तिथून बसली. त्या समजुतीनेच माझा घात केला.

माझं सासर जॉर्जियातलं, फोर्ट व्हॅली गावचं. पीचच्या बागांचा मुलूख. कुटुंब कृष्णवर्णीय, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच मातीत राबलेलं. दर जुलैला सगळे नातलग जमतात, एका रंगाचे टी-शर्ट घालतात, आणि जेवणं झाली की म्हाताऱ्या बायका कोण कुणाचं कोण ते सांगत बसतात. त्यांचं सांगणं एका खापरपणजीपर्यंत येऊन थांबतं. तिच्या मागे काय, ते कुणालाच माहीत नाही. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात तशी एक पुस्तिका द्यावी, असं मी ठरवलं.

एका ओळखीच्या बाईंनी मला त्या माणसाचा नंबर दिला. वीस वर्षं फक्त दक्षिणेतल्याच कुटुंबांचं काम करतो, असं तो म्हणाला. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. आगाऊ ४०० डॉलर घेतले आणि दहाच दिवसांत जनगणनेची चार पानं पाठवली: १९२०, १९३०, १९४० आणि १९५०. १९५० च्या पानावर सासूबाई स्वतः होत्या, वय ४ वर्षं. त्यांनी ते नाव वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. त्या क्षणी तो माणूस आमच्यासाठी देव झाला.

ती चारही पानं खरी होती. ती कुणालाही फुकट मिळतात, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत जनगणनेतली नावं ७२ वर्षं गुप्त ठेवतात, मग सगळ्यांसाठी खुली करतात. १९५० ची १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. नॅशनल आर्काइव्ह्जच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या, संकेतस्थळावर नाव आणि काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) टाकली की पान समोर येतं. म्हणजे मी ४०० डॉलर दिले ते दहा मिनिटांच्या कामाचे. पण त्याला त्या पैशांत फारसा रस नव्हताच. ती खरी पानं त्याने आमच्यापुढे गळाला आमिष लावावं तशी टाकली होती.

मग मागण्या सुरू झाल्या. १८९० चं पान एका कोर्टाच्या तळघरात आहे, एकच प्रत, तिचे ४५० डॉलर. १८७० च्या मागे जायचं तर खासगी कागद उघडावे लागतील, ६०० डॉलर. आणि शेवटी, एका रात्री उशिरा फोन: "मला नाव सापडलंय. गुलामांच्या यादीत. १८५०." त्याचे ४०० डॉलर. प्रत्येक वेळी फोनवरच्या अ‍ॅपमधून थेट बँकेतून पैसे, कारण त्याला म्हणे कार्ड चालत नव्हतं.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. फोन स्पीकरवर होता आणि तो सारखा "ह्यूस्टन काउंटी, ह्यूस्टन काउंटी" म्हणत होता. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हाउस्टन, सर. ह्यूस्टन टेक्सासात." जॉर्जियातल्या या काउंटीचा उच्चार हाउस्टन असा होतो, आणि तिथल्या शेंबड्या पोरालाही तो माहीत असतो. वीस वर्षं दक्षिणेत काम केलेल्या माणसाला तो माहीत नव्हता. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पुस्तिकेच्या आणखी प्रती छापायला दिल्या तेव्हा छापखान्यातल्या मुलाने जुन्या पानांच्या स्वच्छ प्रती मागितल्या. मी त्या माणसाला फोन केला, संदेश पाठवले. दोन दिवस "बघतो" म्हणाला, मग नंबरच बंद. वाढदिवस तर होऊन गेला होता. सासूबाईंनी समासात नाव लिहिलं होतं. रविवारी चर्चमध्ये त्या नावाने प्रार्थनाही झाली होती.

शेवटी ती पानं घेऊन मी मॉरोला गेले. अटलांटाच्या दक्षिणेला हे छोटं शहर आहे. तिथे जॉर्जिया राज्याचं अभिलेखागार आणि नॅशनल आर्काइव्ह्जची शाखा, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. वाचनकक्षात एक पांढऱ्या केसांच्या बाई मदतीला होत्या. मी १८५० चं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी लाकडी पट्टी घेतली, पानाच्या सगळ्यात वरच्या ओळीखाली धरली आणि मला म्हणाल्या, "हे वाचा." तिथे सुबक वळणात लिहिलं होतं: पीच काउंटी, जॉर्जिया, १८५०.

"पीच काउंटी १९२४ साली झाली," त्या म्हणाल्या. "जॉर्जियातली सगळ्यात नवी काउंटी. हाउस्टन आणि मेकन या दोन काउंट्यांतून काढलेली. १८५० साली हे नाव कुणाच्या तोंडीही नव्हतं."

मला वाटतं मी बराच वेळ काही बोलले नाही. त्यांनी पट्टी उचलली आणि पुढचं पान ओढलं. मग एकेक करत सगळं उलगडलं. १८७० म्हणून दिलेल्या पानावर नावापुढे "पत्नी", "मुलगा", "मुलगी" असं लिहिलेलं होतं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना जनगणनेत पहिल्यांदा १८८० साली आला. १८७० च्या खऱ्या पानावर एका घरातली माणसं नुसती एकाखाली एक असतात. कोण कुणाची लेक आणि कोण नुसती आश्रयाला राहिलेली, ते आपण ताडायचं. १८९० चं तर विचारूच नका. ती जनगणना १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला लागलेल्या आगीत आणि विझवायच्या पाण्यात खराब झाली, उरलीसुरली पुढे सरकारनेच नष्ट केली. सुमारे ६ कोटी ३० लाख लोकांपैकी जेमतेम सहा हजारांवर नावं शिल्लक आहेत. जॉर्जियातला तुकडा आहे तो कोलंबस शहराचा. कोर्टाच्या तळघरातली एकुलती एक प्रत ही निव्वळ थाप होती.

वयांचंही तेच. त्याने दिलेल्या पानांवर प्रत्येकाचं वय दर जनगणनेला बरोबर दहाने वाढत होतं. मला ते काटेकोर म्हणून आवडलं होतं. त्या बाई म्हणाल्या, खऱ्या कागदांत असं फार क्वचित दिसतं. जनगणनेचा माणूस दारात यायचा, घरात जो असेल त्याला विचारायचा, कुणी नसेल तर शेजाऱ्याला. गुलामगिरीत ज्यांना जन्मतारीख माहीत असू दिली नव्हती, ते अंदाजाने सांगायचे. आडनावही कानाला ऐकू येईल तसं लिहिलं जायचं. त्यामुळे एकच बाई १८७० ला ८ वर्षांची, १८८० ला १७ ची आणि १९०० ला भलत्याच सालची निघते. ती ओढाताणच खरेपणाची खूण.

आणि गुलामांची यादी. यावर मी थांबून लिहिणार आहे, कारण फसवणुकीचं खरं मर्म इथे आहे.

१८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी गणना झाली होती. त्या बाईंनी मला १८६० च्या हाउस्टन काउंटीचं खरं पान पडद्यावर दाखवलं. डावीकडे मालकाचं नाव. त्याच्यापुढे खाली खाली नुसत्या ओळी: वय ३०, पुरुष, काळा. वय २६, स्त्री, काळी. वय ४, स्त्री, काळी. वय सहा महिने. नाव नाही. एकाचंही नाही. एखाद-दुसऱ्या काउंटीतला अपवाद सोडला तर देशभर हेच आहे. म्हणून १८७० हीच या कुटुंबांसाठी भिंत आहे. मुक्त झालेल्या लोकांची नावं जनगणनेत सरसकट पहिल्यांदा आली ती त्या साली. गुलामांच्या यादीत तुमच्या पूर्वजाचं नाव सापडलं असं जो म्हणतो, त्याला आधी ते पान उघडायला लावा. आमच्या पानावर नावांचा रकाना त्याने स्वतः आखून भरलेला होता. आणि मालक म्हणून त्याच आडनावाचा एक गोरा माणूस चिकटवून दिला होता, जणू मुक्त झालेल्या प्रत्येकाने शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं. तसं नेहमी होत नसे. कुणी आधीच्या मालकाचं घेतलं, कुणी स्वतःच निवडलं.

जिथे एका माणसाचं नाव मुद्दाम लिहिलं गेलं नाही, त्या रिकाम्या जागेवर या भामट्याने मनातलं नाव लिहिलं आणि ते त्याच्या वंशजांना विकलं. पैसे बुडाल्याचा राग काही दिवसांनी निवला. हा निवलेला नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगणं फार जड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग एवढंच विचारलं, "म्हणजे मी ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो कुणी नव्हताच?" त्यानंतर आठवडाभर बायबल उघडलं गेलं नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. बँक म्हणाली, तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत. कार्डने दिले असते तर तक्रार तरी लढवता आली असती. आम्ही फेडरल ट्रेड कमिशन या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आणि राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार नोंदवली आहे, कागदांच्या प्रती जोडून. हा धंदा नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी गुस्ताव आंजू नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या श्रीमंत घराण्यांना शेकड्याने बनावट वंशावळी विकल्या होत्या; त्या आजही लोकांच्या घराण्यांच्या इतिहासात सापडतात. खोटं नाव एकदा छापलं की पुढची पिढी त्याचाच दाखला देते. म्हणून आमच्या पुस्तिकेच्या छापून झालेल्या सगळ्या प्रती मी नातलगांकडून परत मागवल्या. तीन अजून आलेल्या नाहीत.

या क्षेत्रात प्रामाणिक, परीक्षा देऊन मान्यता मिळवलेले अभ्यासक आहेत, ते मला नंतर भेटले. ते आधी लेखी करार करतात, तासाचा दर सांगतात, आणि काही सापडलं नाही तर तसाच अहवाल देतात. प्रत्येक नोंदीला साल, काउंटी, पानाचा आणि ओळीचा क्रमांक लावतात. तो क्रमांक हातात आला की फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून पान आपल्याला स्वतः बघता येतं. आणि त्या साली ती काउंटी होती का, हे आधी तपासा. पाच मिनिटं लागतात. मी ती काढली नाहीत.

मॉरोच्या त्या बाईंनी मला पुन्हा बोलावलं आणि आम्ही फोर्ट व्हॅली जिथे तेव्हा होतं तिथे, म्हणजे हाउस्टन काउंटीत, शोध सुरू केला. १९०० च्या पानावर ती खापरपणजी मिळाली. लग्नाला १६ वर्षं, म्हणजे बायबलमधल्या १८८४ शी मेळ. त्या वर्षीच्या पानावर प्रत्येक आईपुढे दोन आकडे असतात: किती मुलं झाली, किती हयात आहेत. तिच्यापुढे ९ आणि ५. १८८० ला ती बापाच्या घरी होती, "मुलगी" म्हणून. आणि १८७० ला, आडनावाचं एक अक्षर बदललेलं, पण तीच भावंडं, तोच बाप, शेतमजूर, वय अंदाजे ४०, "लिहिता येत नाही" या रकान्यात खूण. बापाचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या भामट्याने दिलेल्या नावाशी त्याचा काही संबंध नाही.

मी तो छापील कागद सासूबाईंसमोर ठेवला आणि त्याबरोबर बारीक अक्षरात पानाचा, ओळीचा क्रमांक. त्यांनी बायबल काढलं. मी व्हाइटनर आणू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या. समासातल्या त्या नावावर पट्टीने एक सरळ रेघ मारली आणि खाली नवं नाव लिहिलं, त्यापुढे "१८७०, हाउस्टन" असं.

जॉर्जियात १८६७ साली मतदारांच्या नोंदणीच्या वह्या झाल्या होत्या, त्यात मुक्त झालेल्या पुरुषांचीही नावं आहेत, म्हणजे जनगणनेच्या तीन वर्षं आधी. आता त्या बघायच्या आहेत. या वेळी सासूबाई मला म्हणाल्या, "हनी, मी येते. पान मी स्वतः बघणार." त्यांनी भिंग पर्समध्ये ठेवलंय.