उंचावरच्या घरासाठी मापाने बनवून घेतलेलं डक्टिंग: पत्र्याचं काम एक नंबर, लेबलिंगची बोंब

घर साधारण २५०० मीटर उंचीवर, त्यामुळे हीटिंग-कूलिंगचं डक्टिंग (गरम-गार हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे मार्ग) रेडीमेड न घेता मापाने बनवून घेतलं. बाकीचे फॅब्रिकेटर खोल्यांची मापं घेऊन थेट कोटेशन द्यायला बसले होते, या लोकांनी आधी विचारलं घर किती उंचीवर आहे, तिथेच काम यांना द्यायचं ठरलं. कारण एवढ्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास २२ टक्के विरळ असते, ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, तेवढाच देतो पण त्या हवेत दम नसतो, मग तेवढीच उष्णता खोलीत पोचवायची तर सव्वापटीहून जास्त हवा लागते. ती नेहमीच्या साइजच्या डक्टमधून ढकलली की वेग वाढतो, ग्रिल शीळ घालायला लागतं, आणि त्यात विरळ हवेत ब्लोअरचं प्रेशरही कमी पडतं. म्हणून त्यांनी मेन डक्ट मोठा धरलाच, रिटर्न, म्हणजे खोलीतली हवा परत नेणारा डक्ट, तोही मोठा धरला (रिटर्नकडे कोणी बघतच नाही!). आता फुल स्पीडला सुद्धा बेडरूममध्ये नुसती हवेची सळसळ, बस.

पत्र्याचं काम खरंच सुबक आहे. मेनला २४ गेज जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा), फाट्यांना म्हणजे ब्रँचला २६ (गेजचा आकडा जास्त तेवढा पत्रा पातळ). रुंद बाजूंवर क्रॉस ब्रेक मारलाय, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी घडी, त्यामुळे फॅन चालू-बंद होताना पत्रा 'डब्ब' करून वाजत नाही. बेंड आतून गोल, आणि जिथे जागाच नव्हती तिथे चौकोनी बेंडमध्ये आत व्हेन (हवा वळवणाऱ्या पट्ट्या) बसवलेत. जॉइंटला मॅस्टिक (फटी बुजवणारा घट्ट लेप) लावलंय, कापडी टेप नाही, ती टेप गरम हवेने वाळते आणि सुटून लोंबायला लागते.

आता तक्रारी. तुकड्यांवर मार्करने नंबर टाकले होते ते वाहतुकीत पुसले गेले, मग ड्रॉइंग हातात धरून कुठला तुकडा कुठे जातो हे शोधत बसायचं, फिटर वैतागला. साधे स्टिकर लावायला काय जातं? एका एल्बोची (वळणाच्या तुकड्याची) फ्लँज, म्हणजे जोडणीची कड, आखूड निघाली, ती मात्र कटकट न करता बदलून दिली. ब्रँचचे डॅम्पर (हवा कमी-जास्त करायच्या झडपा) आपण मागितले तरच देतात, ते आधीच लिहून घ्या, नाहीतर वरच्या मजल्यावर भट्टी आणि खाली गारठा. कोटेशन फक्त पत्र्याचं असतं, माळ्यावरून जाणाऱ्या डक्टचं इन्सुलेशन वेगळं पडतं आणि हे ते स्वतःहून सांगत नाहीत, याचा मला जरा रागच आला.

आणि हो, गॅस फर्नेसचं (गॅसवर हवा तापवणाऱ्या यंत्राचं) आउटपुट पण उंचीवर घटतं, दर हजार फुटांना साधारण ४ टक्के असा ढोबळ हिशोब धरतात, पण ते यांचं काम नाही, तो आकडा फर्नेसच्या मॅन्युअलमधून काढून यांना द्या, मगच माप घ्यायला बोलवा.