कॅरब पावडर: आठ महिने रोज वापरल्यानंतर

रात्री जेवणानंतर गडद चॉकलेटचे दोन-तीन तुकडे खायची माझी जुनी सवय. मधल्या काळात झोप उडायला लागली. अंग दमलेलं, पण दीड-दोन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे. चहा-कॉफी मी दुपारनंतर घेतच नाही, त्यामुळे चॉकलेटवर संशय यायलाच बरेच दिवस गेले. 100 ग्रॅम गडद चॉकलेटमध्ये साधारण 80 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्याच्या जवळपास दहापट थिओब्रोमिन. थिओब्रोमिन हे कॅफिनच्याच जातीचं उत्तेजक, तसं सौम्य, पण शरीरातून निघून जायला कॅफिनपेक्षा जास्त वेळ घेतं. मला उत्तेजक पदार्थ मुळातच सोसत नाहीत, तेव्हा एवढंही पुरत असणार. कॅरब म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झाडाची गोड शेंग; तिच्या पावडरीत कॅफिन नाही असं वाचलं आणि पाकीट मागवलं.

पहिल्या आठवड्यात ते पाकीट टाकूनच देणार होते. कोको घालते तशीच दोन चमचे पावडर गरम दुधात घातली आणि कोकोचीच चव शोधत बसले. कोकोचा तो कडवटपणा कॅरबमध्ये नाहीच. गुळचट, किंचित तुरट, भाजलेल्या खजुराच्या जवळ जाणारी चव आहे तिची. 1970 च्या दशकात पाश्चात्त्य देशांत आरोग्यदायी आहाराची लाट आली तेव्हा कॅरब 'चॉकलेटला पर्याय' म्हणूनच विकली गेली, आणि चॉकलेट समजून ती खाणाऱ्या कितीतरी जणांच्या मनातून कायमची उतरली. मला हे फार अन्यायाचं वाटतं. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी ही शेंग शतकानुशतकं तिच्या स्वतःच्या गोडीसाठी खाल्ली आहे.

हे झाड शेंगवर्गातलं, सदाहरित. पिकल्यावर काळपट तपकिरी होणाऱ्या शेंगांतल्या बिया काढून टाकतात, गर भाजतात आणि दळतात. बियाही वाया जात नाहीत, त्यांच्यापासून आइस्क्रीम वगैरे घट्ट करायचा लोकस्ट बीन गम बनतो. म्हणजे कॅरबचं नावही न ऐकलेल्यांनी ती नकळत खाल्लेली असण्याची शक्यता बरीच. हिऱ्याच्या वजनातला 'कॅरेट' हा शब्दही या बियांच्या ग्रीक नावावरूनच आला.

आता मुख्य मुद्दा, पोषणाचा. पाकिटावर कॅल्शियमचा मोठा गवगवा असतो. 100 ग्रॅम पावडरीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे खरंच आहे. पण 100 ग्रॅम खातं कोण? मोठा चमचाभर पावडर भरते 6 ग्रॅमच्या आसपास, त्यातून मिळतं जेमतेम 20 मिलिग्रॅम. लोह आणि मॅग्नेशियममध्ये तर कोको बराच पुढे आहे. कॅरबची खरी जमेची बाजू म्हणजे तंतुमय पदार्थ, 100 ग्रॅममध्ये जवळपास 40 ग्रॅम, आणि चरबी नावापुरती. दुसरीकडे जवळजवळ निम्मं वजन साखरेचं, शेंगेतलीच असली तरी साखरच. मधुमेह असलेल्यांनी हे मोजूनच घ्यावं. आमच्या सासूबाईंना धडधडीमुळे डॉक्टरांनी कॅफिन कमी करायला सांगितलं होतं. त्या आता संध्याकाळी कॅरबचं दूधच घेतात, पण साखर तपासून, अर्धाच चमचा पावडर घालून.

करायची पद्धत मला तीन महिन्यांनी सापडली. पावडर थेट दुधात टाकली की वर तरंगते, गुठळ्या होतात, आणि गुठळी फोडली तर आत कोरडीच. आता मी आधी कपात पावडर घेते, दोन चमचे कडकडीत पाणी घालून चमच्याच्या पाठीने कपाच्या कडेला घोटते. मिनिटभरात मातकट रंग जाऊन गडद, चकचकीत लगदा होतो आणि भाजका वास सुटतो. मग थोडं थोडं दूध. तरीही तळाशी थोडी रेव राहतेच, शेवटचा घोट मी सोडून देते. साखर घालायची गरज आजवर पडलेली नाही.

केकमध्ये कोकोच्या जागी तेवढीच पावडर घातली तर चालते, फक्त साखर कमी करायची. मी पाव हिश्शाने करते. आच थोडी मंद ठेवायची, कारण आतल्या साखरेमुळे कडा लवकर करपतात. केळं आणि बदाम यांच्याबरोबर कॅरबचं फार छान जमतं. कॉफीची चव हवी असलेल्या पदार्थांत मात्र घालू नका, फिकी पडते.

कॅरबच्या वड्यांच्या वाटेला मी परत जाणार नाही. आणलेल्या वडीच्या घटकांत कॅरबच्याही आधी साखर आणि पाम तेलाची चरबी होती. चॉकलेट तोंडात विरघळतं ते कोको बटरमुळे, इथे जिभेवर मेणासारखा थर राहिला. घ्यायचीच तर नुसती भाजलेली पावडर घ्या.

झोपेचं सांगायचं तर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून मी साडेअकराला झोपते आहे. त्याच सुमारास रात्रीचा मोबाइलही कमी केला होता, त्यामुळे सगळं श्रेय कॅरबला देता येणार नाही. पण मध्ये एकदा सलग चार रात्री चॉकलेट खाल्लं आणि चारही रात्री छताकडे बघत पडले, तेव्हा माझ्यापुरता प्रश्न सुटला. सुरुवातीला पोटात थोडा वायू धरायचा, रोजचा एकच चमचा केल्यावर तोही थांबला.

पावडर ओल फार पटकन धरते. दुसरं पाकीट पावसाळ्यात उघडं राहिलं आणि त्याचा अक्षरशः दगड झाला. आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवते, आणि चमचा कोरडा आहे ना, हे बघितल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.