‘लव्ह्ज थीम’साठी घेतलेली एलपी : आठ महिन्यांच्या ऐकण्यानंतर

अमेरिकन संगीतकार-गायक बॅरी व्हाइट यांच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राची ‘ऱ्हॅप्सडी इन व्हाइट’ ही १९७४ सालची एलपी (लाँग प्ले, म्हणजे मोठी तबकडी) मी आठ महिन्यांपूर्वी वापरलेली विकत घेतली, ती केवळ ‘लव्ह्ज थीम’ या धुनेसाठी. विक्रेत्याने ‘उत्तम स्थिती’ असे कळवले होते; प्रत्यक्षात आवरणाचा एक सांधा सुटलेला होता आणि खाचांमध्ये धूळ बसलेली होती. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश वापरून दोनदा स्वच्छ केल्यावर करकर बरीच कमी झाली.

खरी अडचण वेगळीच निघाली. ही धून दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, लेबलाच्या जवळ आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण आतल्या वर्तुळाचा परीघ बाहेरच्यापेक्षा साधारण निम्मा असल्यामुळे तेवढ्याच वेळात सुईखालून खाच कमी सरकते आणि उंच पट्टीतील सूर फाटू लागतात. या धुनेत तर सगळा जीव उंच पट्टीतल्या व्हायोलिनांत आहे. पहिले दोन महिने मी दोष तबकडीच्या झिजेला देत होतो. कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, कोन नीट जुळवून घेतल्यावर मात्र तीच व्हायोलिने रेशमासारखी उलगडली.

त्यानंतर ही धून थराथराने ऐकू येऊ लागली. खाली ड्रम आणि बास यांचा संथ, भरीव ठेका. मध्ये वा-वा पेडलवरची (पायाने दाबून ‘वा-वा’ असा सूर काढणारी) गिटार, जी सूर गाण्यापेक्षा तालच धरते. आणि या सगळ्यावर गायकाची जागा घेऊन उभी राहिलेली तंतुवाद्ये. तोपर्यंतच्या अनेक सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावपूर्ण गायनशैली) गाण्यांत व्हायोलिने गायकाच्या मागे झालर म्हणून असत. इथे मुख्य चाल तीच वाहून नेतात, आणि त्यासाठी ठेक्याने कुठेही माघार घेतलेली नाही. व्हाइट यांचे संगीताचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. मनातले सूर ते गुणगुणून दाखवीत आणि वाद्यसंयोजक जीन पेज ते कागदावर उतरवीत. सुमारे ४० वादकांच्या ताफ्यातून इतकी मोकळी, हवेशीर रचना उभी राहिली, याचे मला आजही नवल वाटते.

१९७३ मध्ये आलेली ही धून न्यूयॉर्कच्या डिस्कोथेकमध्ये (नाचण्याच्या क्लबांत) आधी गाजली, मग रेडिओने उचलली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. दोनच महिन्यांनी तिथे फिलाडेल्फियाच्या एमएफएसबी या वाद्यवृंदाची ‘टीएसओपी’ ही धून आली आणि १९७५ मध्ये व्हॅन मॅकॉय यांचे ‘द हसल’. डिस्कोचा ठेका एकट्या व्हाइट यांनी दिला, असे मी म्हणणार नाही. त्या बाबतीत फिलाडेल्फियाचे ड्रमवादक अर्ल यंग यांचे ऋण मोठे आहे, आणि व्हायोलिने तिथल्या स्टुडिओतही होतीच. परंतु शब्दांवाचून, निव्वळ वाद्यवृंदाच्या बळावर नाचणाऱ्यांची गर्दी धरून ठेवता येते आणि तीच रचना देशभर विकलीही जाते, याची खात्री निर्मात्यांना पटवण्यात ‘लव्ह्ज थीम’चा वाटा फार मोठा आहे. बंगळुरूहून इंग्लंडला गेलेले संगीतकार बिद्दू १९७५ मध्ये स्वतःच्या नावाचा ऑर्केस्ट्रा घेऊन ‘समर ऑफ फॉर्टी-टू’ या चित्रपटाची धून डिस्कोच्या ठेक्यावर बसवतात, तेव्हा त्यांच्या व्हायोलिनांची झेप ऐकताना मला हीच तबकडी आठवते. पुढे ‘आप जैसा कोई’ त्यांनीच आपल्यापर्यंत आणले.

एलपीतील बाकीच्या रचनांबद्दल माझे मत संमिश्र आहे. ‘मिडनाइट अँड यू’ मी आवर्जून लावतो. ‘बेबी ब्लूज’मधले व्हाइट यांचे कुजबुजते बोलणे मात्र वारंवार ऐकवत नाही. तुम्हाला केवळ ‘लव्ह्ज थीम’ हवी असेल, तर तिची ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी शोधावी, कारण तिथे खाचेचा वेग अधिक मिळतो. मीही आता तिच्याच शोधात आहे.