कर्करोगानंतरचे स्तन-इम्प्लांट: काही वर्षांच्या वापरानंतरचा अनुभव

मास्टेक्टॉमीनंतर, म्हणजे कर्करोगामुळे स्तन काढल्यावर, बसवलेल्या सिलिकॉन इम्प्लांटविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. निमित्त झाले ते डाव्या बाजूला अचानक आलेल्या सुजेचे. मार लागलेला नव्हता, ताप नव्हता, तरीही थोड्याच दिवसांत ती बाजू नजरेत भरण्याइतकी मोठी झाली. सोनोग्राफीत इम्प्लांटभोवती पाणी साचलेले दिसले आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘इम्प्लांट गुळगुळीत पृष्ठभागाचे आहे की टेक्स्चर्ड, म्हणजे खरबरीत?’ माझ्या डिस्चार्जच्या कागदांवर ‘सिलिकॉन इम्प्लांट’ एवढेच लिहिलेले होते. एक्स्पांडर (त्वचा ताणणारी तात्पुरती पिशवी), जेल आणि सलाइन (इम्प्लांटमधले भरण) या गोष्टी या वाटेने गेलेल्यांना ठाऊक असतात, म्हणून त्यांत शिरत नाही. लिहायचे आहे ते प्रामुख्याने त्या न दिलेल्या माहितीबद्दल.

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनी, मॉडेल, आकारमान आणि लॉट किंवा सिरियल क्रमांक छापलेला असतो. एक चिकटपट्टी रुग्णालयाच्या फाइलमध्ये आणि दुसरी रुग्णाच्या कार्डावर लावायची, एवढे साधे काम आहे. मला ते कार्ड कधीच मिळाले नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल प्रकारची टेक्स्चर्ड इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली, तेव्हा ज्या स्त्रीजवळ हे कार्ड नव्हते तिला ती सूचना आपल्यासाठी आहे की नाही हे कळण्याचा मार्गच नव्हता. त्या वेळी एफडीएकडे जगभरातून ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद होती. आजार होता इम्प्लांटशी निगडित अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. तो रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग असून इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करते त्यात आणि तिथल्या द्रवात तो वाढतो. बहुधा तो इम्प्लांट बसवल्यावर आठ-दहा वर्षांनी उद्भवतो आणि त्याची पहिली खूण म्हणजे अशीच, कारण न सापडणारी, उशिरा आलेली सूज.

खरबरीत पृष्ठभाग मुळात चांगल्या हेतूने आणलेला होता. ऊती त्याला धरून राहतात, त्यामुळे थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट आत फिरत नाही, आणि भोवतीचे आवरण आवळण्याचे प्रमाणही त्याने कमी होईल अशी अपेक्षा होती. नैसर्गिक उतार हवा असलेल्या स्तनाच्या पुनर्रचनेत हा प्रकार म्हणूनच पसंत केला जाई. माझा आक्षेप त्या निवडीवर नाही. माझ्या शरीरात काय ठेवले आहे याची नोंद माझ्या हाती का दिली नाही, हा माझा प्रश्न आहे. फाइल शोधून मिळावी म्हणून मला ज्या खिडक्यांपुढे उभे राहावे लागले, त्या प्रत्येक ठिकाणी ही मागणी जणू अवाजवी आहे असे उत्तर मिळाले.

वापराबद्दल सांगायचे तर पहिल्या वर्षी मी कोणालाही निःशंकपणे हे इम्प्लांट सुचवले असते. कपडे नीट बसत होते, आरशात पाहताना नजर अडखळत नव्हती, आणि किमोनंतरच्या त्या काळात याचे मोल फार होते. मात्र रेडिएशन झालेल्या बाजूला आवरण हळूहळू आवळत गेले. हा घट्टपणा सांगणाऱ्या बेकरच्या मोजपट्टीत पहिली श्रेणी मऊ, दुसरी थोडी घट्ट, तिसरीत स्तन घट्ट होऊन आकार बिघडलेला दिसतो आणि चौथीत वेदनाही असते. मी तिसरीत आहे. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की छातीच्या कडेपासून काखेपर्यंत एक दोरी ताणल्यासारखी वाटते आणि स्तन गळपट्टीच्या हाडाकडे सरकतो. रेडिएशनने हा धोका वाढतो हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले गेले होते, पण एका वाक्यात, सही करण्याच्या आधी.

ज्याबद्दल फारसे बोलले जात नाही अशी एक गोष्ट म्हणजे त्वचेचा बधिरपणा. मास्टेक्टॉमीत संवेदनेच्या नसा कापल्या जातात. म्हणून गरम पाण्याची पिशवी त्या जागी ठेवू नये. भाजलेले कळतही नाही. हाच बधिरपणा इम्प्लांट फाटल्यावर आड येतो. जेल इम्प्लांट बहुतेक वेळा निमूटपणे फाटते, बाहेरून आकार तसाच राहतो, आणि सौंदर्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या स्त्रीला एखादे वेळी जी कळ जाणवेल ती आपल्याला जाणवेलच असे नाही. यासाठीच एफडीएने २०२० मध्ये सल्ला दिला की लक्षणे नसली तरी पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी ती करत राहावी. हा खर्च आयुष्यभराचा आहे, आणि शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तू नाही, आणि पुनर्रचनेनंतर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या इम्प्लांटपेक्षा जास्त असते, हे दोन्ही आधी कळले असते तर इम्प्लांट आणि स्वतःच्या ऊतींची पुनर्रचना यांचा हिशेब मी वेगळ्या रीतीने मांडला असता.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा तपासणीचा अहवाल यायचा होता. आता तो आला आहे. सोनोग्राफीखाली सुईने काढलेला पिवळसर द्रव पेशीपरीक्षेसाठी आणि सीडी ३० (या लिम्फोमाच्या पेशींवर आढळणारे प्रथिन) चाचणीसाठी पाठवला होता. त्यात लिम्फोमा आढळला नाही, जंतुसंसर्गही नाही. फाइलही अखेर सापडली. माझे इम्प्लांट टेक्स्चर्डच आहे, पण परत मागवलेल्या यादीतले नाही.

त्यामुळे वरच्या काही परिच्छेदांतला इम्प्लांटवरचा राग आता मला तितकासा पटत नाही. लिम्फोमा विरळ आहे, आवरणापुरता असताना सापडला तर इम्प्लांट आणि संपूर्ण आवरण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि लक्षणे नसताना केवळ भीतीपोटी टेक्स्चर्ड इम्प्लांट काढून टाकावे असे एफडीएही म्हणत नाही. राग उरला आहे तो पाठपुराव्यावर. कर्करोगतज्ज्ञ रोग उलटला नाही ना एवढे पाहतात, प्लास्टिक सर्जनकडे जखम भरल्यावर सहसा कोणी जात नाही, आणि इम्प्लांट कोणाच्याच यादीत राहत नाही. माझी सूज आधी कर्करोग उलटल्याची शंका म्हणूनच तपासली गेली. त्या बाजूला मॅमोग्राफी आता होत नाही, आणि रक्तातले ट्यूमर मार्कर (कर्करोगाची खूण देणारे घटक) हा लिम्फोमा दाखवत नाहीत. द्रव काढून तो मुद्दाम या चाचणीसाठी पाठवावा लागतो. ज्यांना अशी उशिरा सूज येईल त्यांनी ‘पाणी आहे, जिरून जाईल’ या उत्तरावर घरी परतू नये, जितका मिळेल तितका द्रव तपासायला पाठवायला सांगावे.

तिसऱ्या श्रेणीचा घट्टपणा आपोआप कमी होणारा नाही. म्हणून इम्प्लांट काढून पोटाच्या त्वचा-चरबीचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसह हलवलेला तुकडा, लावण्याचे ठरले आहे. ती शस्त्रक्रिया लांब आहे, पोटावर मोठा व्रण राहील, आणि रक्तवाहिन्यांची जोडणी फसली तर फ्लॅप गमवावा लागू शकतो. हे सर्व या वेळी लेखी मागून घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने आवरणात क्वचित आढळणाऱ्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगाबद्दल आणि इतर लिम्फोमांबद्दल सूचना दिली होती, आणि ते गुळगुळीत इम्प्लांटभोवतीही सापडले आहेत. म्हणून काढलेले आवरण टाकून न देता पॅथॉलॉजीकडे पाठवावे, हे संमतिपत्रावर सर्जनच्या हस्ताक्षरात लिहून घेतले आहे.