आकि याशिरो: एन्का भारी की जॅझ?

गायिका आकि याशिरोचं नाव काढलं की जपानी लोकांना आधी 1979 चं ‘फुनाउता’ हे गाणंच आठवतं, बंदराकाठचा गुत्ता, साके, एकटेपणा, आणि तो घोगरा आवाज जो एन्काच्या (जपानी दर्दभऱ्या गाण्यांचा प्रकार) हरकती घेताना मध्येच असा काही थरथरतो की शब्द कळले नाही तरी पोटात कालवतं. 1980 ला जपान रेकॉर्ड अवॉर्डही मिळालं, तेही एन्कालाच.

आणि मग 2012 मध्ये, साठी ओलांडल्यावर, बाई चक्क जॅझचा अल्बम काढतात! ‘योरु नो आल्बम’. प्रोड्युसर ‘पिझ्झिकाटो फाइव्ह’ या जपानी पॉप बँडवाले यासुहारु कोनिशी. इथे रडणं एकदम कमी, आवाज तोच पण दाबून, जवळ बसून बोलल्यासारखा. तसं बघितलं तर नवीन कसलं, सुरुवातीला त्या टोकियोतल्या गिन्झा भागातल्या क्लबात गायच्याच की.

माझं विचाराल तर एन्काची दोन-तीन गाणी लागोपाठ ऐकली की जरा जड होतं (नाट्यसंगीतवाल्यांना नाही होणार कदाचित), जॅझ मात्र रात्री अख्खा अल्बम लावून ठेवता येतो. पण अंगावर काटा? तो ‘फुनाउता’लाच येतो बाबा.