फुल फ्रेमचा मोठा संच की जुना क्रॉप आणि ३५ची लेन्स?

लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत, पक्ष्यांचा नाद नाही, पण गाव, बाजार, लेणी, वारी यांचे फोटो मनापासून काढायचे आहेत आणि हाताशी थोडा पैसा जमलाय, अशा माणसापुढे आज साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर असलेली) मिररलेस बॉडी आणि तिच्यावर २४-७० मिमी एफ २.८ झूम; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. दुसरी म्हणजे कुणीतरी काही वर्षं वापरलेली क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी, तिच्यावर ३५ मिमी एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी) लेन्स, आणि उरलेला पैसा हिंडण्यावर. पहिली वाट सहज ३ लाखांच्या पुढे जाते. दुसरी ३०-४० हजारांत भागते.

परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात मी दोन्ही वापरले आहेत. क्रॉपचा कॅमेरा माझा स्वतःचा. मोठा संच मित्राच्या स्टुडिओचा, पण लग्नसराई ओसरली की तो महिनोन्महिने माझ्याकडे असायचा. पुढे मलाही नवीन काही घ्यायची वेळ आली तेव्हा पैसे असूनही मी मोठा संच घेतला नाही. का घेतला नाही ते सांगतो. तुमचं काम वेगळं असेल तर तुमचा निर्णय वेगळा येऊ शकतो, हे आधीच मान्य.

मेगापिक्सेल, फोकस पॉइंट, व्हिडिओचे फॉरमॅट यांत शिरत नाही. ते तुम्ही दुकानात जाण्याआधी वाचलेलंच असतं.

मोठ्या संचाबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण चांगलं पुष्कळ आहे. डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवणं ही सोय एकदा हाताला लागली की जुना कॅमेरा मंद वाटतो. पालखी अंगावर येत असताना, गुलाल उधळत असताना त्याचा फोकस फारसा चुकत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवता येतात, त्यामुळे ज्याचे पैसे घेतले आहेत असं काम करताना मन निर्धास्त राहतं. सावलीत अडकलेला चेहरा नंतर उजळायचा तर फाइलमध्ये भरपूर जीव असतो. आणि झूममुळे धुळीत लेन्स बदलावी लागत नाही. ही शेवटची सोय मात्र एकच प्राइम लावून फिरणाऱ्यालाही आपोआप मिळते.

कमी उजेडाचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. तो रास्तच आहे, कारण आपल्याकडे अजिंठा आणि वेरूळ आहे. अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही, आणि ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. म्हणजे हातात कॅमेरा धरून अंधारात फोटो काढायचा. इथे फुल फ्रेम हवंच, असं बहुतेक जण सांगतात. पण हिशेब नीट मांडून बघा. फुल फ्रेमपेक्षा सेन्सर दीडपट लहान असलेल्या क्रॉप कॅमेऱ्यावर एफ १.८ म्हणजे १.८ गुणिले १.५, साधारण २.७. प्रकाश आणि फोकसची खोली या दोन्ही बाबतींत ती लेन्स फुल फ्रेमवरच्या एफ २.७ सारखी वागते. समोर झूम आहे एफ २.८ ची. मोठ्या सेन्सरने जे मिळवलं ते झूमच्या छिद्राने जवळजवळ सगळं परत दिलं. नवा सेन्सर पिढीने पुढे असतो आणि बॉडीत थरथर सावरणारी यंत्रणाही असते, त्यामुळे थोडा फरक उरतो, तो मी नाकारत नाही. पण बारा बाय अठरा इंची प्रिंटवर दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा ज्याचा संच होता तो मित्रसुद्धा कोणता कशाचा हे ठामपणे सांगू शकला नाही. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे, पण मला तेवढं पुरलं.

त्याच लेण्यांत दुसरी एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरेल इतका फरक करते, आणि ती विकत मिळत नाही. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. कैलासाच्या मागचा कडा पूर्वेला, त्यामुळे सकाळी अंगण सावलीत आणि वरचं आभाळ पांढरंफटक. पर्यटकांच्या बसगाड्या नेमक्या तेव्हा येतात. कितीही भारी कॅमेरा असू द्या, त्या वेळी दगड सपाटच दिसतो. दुपार कलली की ऊन समोरून शिरतं, कोरीव कामाच्या कडा सुटतात, आणि दहाव्या लेण्यात दर्शनी गवाक्षातून उजेड आत उतरायला लागतो. ज्याला हे ठाऊक आहे तो सकाळी दौलताबाद उरकतो आणि दुपारी वेरूळला येतो. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, हे धरून गाडी ठरवतो. त्याच्या हातात कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्स असली तरी त्याचा फोटो सकाळच्या ३ लाखांच्या संचाला ऐकणार नाही.

इथवर पाहिलं तर दोन्ही पारडी अजून बरीचशी सारखी आहेत. आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला तो सांगतो.

मराठवाड्यात मोठा कॅमेरा घेऊन शिवारात शिरलं की माणसं तुम्हाला दोनांपैकी एक समजतात. चॅनलवाला, नाहीतर पंचनाम्याला आलेला. यात त्यांची काहीही चूक नाही. त्यांच्या बांधावर एवढ्या मोठ्या लेन्सा कधी येतात? पाऊस दडी मारतो तेव्हा, किंवा एका रात्रीत ढग फुटतो तेव्हा. अतिवृष्टीनंतरच्या दिवसांत पूर्णेच्या काठाने मी मित्राचा संच घेऊन फिरत होतो. मला पाण्यातून गुरं बाहेर काढणारी माणसं दिसत होती, त्यांच्या हालचाली दिसत होत्या. पण मी कॅमेरा वर केला की हालचाल थांबायची. दोघं-तिघं चालत जवळ यायचे.

“कोन्त्या च्यानलचे?”

“कुठल्याच नाही, मामा. हौसेनं फोटो काढतो मी.”

“बरं ते असूंद्या. आमचं बी लिवून घ्या सायेब. खालचं दोन एकर सोयाबीन समदं पाण्यात हाय.”

मी पुन्हा सांगायचो की मी सरकारी नाही, पेपरचाही नाही. त्यावर एका म्हाताऱ्या मामांनी मला विचारलं होतं, “मंग एवढा मोठा कॅमेरा कशापायी?” कुणी घरात जाऊन सातबारा घेऊन यायचं. तो कागद माझ्यापुढे धरला जायचा आणि त्याचं काय करायचं हे मला माहीत नसायचं. एकदा-दोनदा घडलं असतं तर सोडून दिलं असतं, पण हे गावोगाव व्हायचं. ज्याचं पीक गेलंय त्याला मदत येईल असं आपल्या नुसत्या दिसण्याने वाटावं, हे मला सहन झालं नाही.

सुकाळातही तोच प्रकार, फक्त कमी टोचणारा. आठवडी बाजारात मोठी लेन्स रोखली की मिरच्या मोजणाऱ्या मावशींचा हात तराजूवर थबकतो, पदर नीट होतो, पोरं समोर येऊन उभी राहतात. माळेगावच्या यात्रेत घोडेवाला घोडा सोडून आधी स्वतःचा फेटा सावरतो. फोटो छान येतो, पण तो कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या माणसाचा येतो.

छोटा जुना कॅमेरा आणि अंगठ्याएवढी पुढे आलेली लेन्स घेऊन त्याच बाजारात गेलं तर विचारणा वेगळी होते. “फोटो काढाय आला व्हय? काढ की.” आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. पाच-दहा मिनिटांनी तो तुम्हाला विसरतो. मला जे फोटो हवे असतात ते सगळे या विसरण्यानंतरचे असतात.

ही अडचण नवी नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी टेप लावायचे, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्यांचं बहुतेक काम ५० च्या एकाच लेन्सवरचं. क्रॉपवर ३५ लावली की डोळ्याला साधारण तेवढंच दिसतं. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते, गांधीजींची त्यांनी भेट घेतली ती हत्येच्या अगदी थोडं आधी, आणि नंतर अंत्ययात्राही त्यांनी टिपली. एवढ्या गर्दीत, एवढ्या दुःखात ते वावरले ते इतक्याच सामानावर.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर लहान कॅमेराच श्रेष्ठ असा समज व्हायचा. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता तिथले दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) काचेच्या प्लेटा आणि तिकाटण्यावरचा अवजड लाकडी कॅमेरा वापरायचे. लपायची सोयच नव्हती. ते रुरकीला अभियांत्रिकी शिकलेले, इंदूरला आरेखक म्हणून नोकरी केलेले. इमारतीचा कोन कुठून बसतो, सावली कुठे पडली की खांब उठून दिसतात, हे त्यांना कॅमेरा हातात घेण्याआधीपासून कळत होतं. कॅमेरा मोठा आहे म्हणून त्यांनी थांबलेल्या गोष्टी निवडल्या: वास्तू, दरबार, मांडून बसवलेली माणसं. दोघांनीही आधी काय पाहायचंय ते ठरवलं होतं आणि सामान त्याच्या मागून आलं. मला पाहायचंय ते हलणारं, काम करणारं, माझ्याकडे न बघणारं आहे. म्हणून माझं सामान लहान.

आता उरलेल्या पैशाचं. हा भाग माझ्या दृष्टीने सेन्सरपेक्षा मोठा आहे. पोळ्याच्या दिवशी गावोगाव कॅमेरे येतात. झूल, बेगड, रंगवलेली शिंगं, वाजंत्री, सगळ्यांकडे तेच फोटो. पण ज्याला शेतीतलं ठाऊक आहे तो आदल्या संध्याकाळी जातो, खांदेमळणीला. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळत घरधनी बैलाला सांगतो, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” गोठ्यात एक पिवळा बल्ब असतो, माणूस आणि जनावर एकमेकांच्या अगदी जवळ असतात, आणि बाहेरचं कुणी नसतं. तिथे शिरायला मिळणं हे ओळखीवर आहे. ओळख एका फेरीत होत नाही. मी पुढच्या खेपेला जाताना पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंट घेऊन जातो, ज्याची त्याला देतो. परभणीतल्या लॅबमध्ये त्या फार थोड्या पैशांत निघतात. लेन्सच्या हप्त्यात अडकलेल्या माणसाला असलं हिंडणं जमत नाही, हे मी जवळून पाहिलंय. कॅमेरा कपाटात आणि रविवार हप्ता फेडण्यात.

वसमतकडची हळद घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की हळद शिजवतात, मग उन्हात वाळवतात, मग पॉलिश. शिजवताना वाफेचे लोट उठतात. सूर्य तुमच्या पाठीमागे असेल तर ती वाफ नुसती राखाडी धुरकट दिसते. चालत दुसऱ्या बाजूला जा, सूर्य वाफेच्या मागे घ्या, तीच वाफ पेटल्यासारखी उजळते आणि आतला माणूस काळ्या आकृतीत उभा राहतो. सकाळी गारवा असताना वाफ दाटही दिसते. हे मला कॅमेऱ्याने शिकवलं नाही, त्या भट्टीभोवती चालल्याने कळलं. प्राइम लेन्स या बाबतीत कडक आहे. जागेवर उभं राहून झूमचं कडं फिरवायची सोय ती देत नाही, त्यामुळे चालणं होतंच.

मोठा संच कुणी घ्यावा? लग्नाचं काम करणाऱ्याने नक्की घ्यावा. रात्रीची वरात, मंडपातले रंगीबेरंगी दिवे, पुन्हा न होणारे क्षण, इथे दोन कार्ड आणि भरवशाचा फोकस म्हणजे चैन नव्हे, आणि लहान कॅमेरा पाहून यजमान भाव पाडतो हेही खरं आहे. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्याला लांब लेन्सच लागते, तिथे नजर कितीही तयार असली तरी ३५ ने काही साधणार नाही. आणि फुल फ्रेमवरही छोटी लेन्स लावून हलकं फिरता येतं, हे कुणी म्हणेल तर बरोबर आहे. मग आकाराचा प्रश्न मिटतो, पैशाचा तेवढा उरतो. ज्याला तो प्रश्न नाही त्याने खुशाल घ्यावं.

बाकीच्यांना, विशेषतः पहिलाच मोठा खर्च करणाऱ्यांना, मी जुन्या क्रॉपकडे झुकायला सांगेन. घेताना शटर किती वेळा चाललंय ते तपासा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बुरशीचे धागे दिसतात का बघा. आपल्या कोरड्या हवेत बुरशी कमी लागते, पण मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्सा पुष्कळ असतात, त्या नीट पारखा. स्वतःचं कार्ड नेऊन भिंतीचा एक फोटो एफ १६ ला काढा, सेन्सरवरची धूळ लगेच दिसते. ती साफ होते, तेवढ्यावर व्यवहार मोडू नका. बॅटरी दोन घ्या, फुगलेल्या नसाव्यात. ३५ मिळत नसेल तर ५० एफ १.८ स्वस्तात मिळते, पण क्रॉपवर ती गोठ्यात आणि घरात फार जवळची वाटते, म्हणून थोडं थांबून ३५ च शोधा.